मधुमेहात हृदयाचे मज्जातंतू आणि मूत्रपिंड: सुरुवातीचा बिघाड कसा ओळखावा, पुढे काय करावे

ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१. टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये एवढे दिसले की घरच्यांना हायसे वाटते. पण दोन बिघाड असे आहेत की ते सुरू होऊन काही वर्षे उलटली तरी या तिन्ही तपासण्यांत दिसत नाहीत. एक हृदयाच्या मज्जातंतूंचा, दुसरा मूत्रपिंडातल्या गाळण्यांचा. दोन्ही दुखत नाहीत. दोन्ही ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत: पहिल्यासाठी बीपीचे मशीन आणि घड्याळ, दुसऱ्यासाठी सकाळच्या लघवीची एक बाटली.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे ‘हृदयाच्या नसा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ब्लॉकेज येते, म्हणजे रक्तवाहिन्या. या लेखात विषय आहे तो मज्जातंतूंचा. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दर क्षणाला कमी-जास्त करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या तारांचा. अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणून या तारा ठीक आहेत असे होत नाही.

काय बिघडते आणि कोणत्या क्रमाने

हृदयाला ‘हळू’ सांगणारा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो मेंदूपासून थेट पोटापर्यंत जातो. मधुमेहात लांब मज्जातंतू आधी झिजतात, म्हणून जशी पायाची बोटे आधी बधिर होतात तसा व्हेगसही लवकर तावडीत सापडतो. ब्रेक सैल झाल्यावर गाडी पळावी तशी नाडी बसल्या जागी ९०–१०० च्या घरात राहू लागते. पुढे ‘जलद’ सांगणारे तंतूही झिजले की नाडी वाढतही नाही, उतरतही नाही. उभे राहिल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत, रक्त खाली साचते आणि रक्तदाब कोसळतो.

मूत्रपिंडात साधारण दहा-दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. साखर जास्त असली की गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैलावते आणि आतला दाब वाढतो. सुरुवातीला गाळण्याचा वेग उलट वाढलेला असतो, त्यामुळे क्रिएटिनिन छान दिसते. त्याच काळात गाळणीची जाळी विरळ होऊन अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते.

दोन्ही बिघाड एकमेकांना धरून चालतात. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत १० ते २० टक्के उतरतो. मज्जातंतू झिजले की हा रात्रीचा उतार नाहीसा होतो आणि गाळण्यांवरचा ताण रात्रीही हटत नाही. म्हणून एक बिघाड सापडला की दुसरा मुद्दाम शोधावा.

घरची तपासणी: आडवे, मग उभे

सकाळी, चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर करा. मशीन दंडावर बांधायचे घ्या. मनगटाच्या मशीनवर या तपासणीसाठी भरवसा ठेवू नये. कफ दंडाच्या घेराला बसणारा हवा, कारण जाड दंडावर लहान कफ बांधला तर रक्तदाब खोटा जास्त येतो. शेजारी एक माणूस उभा ठेवा आणि मागे पलंग किंवा खुर्ची असू द्या. चक्कर आली तर लगेच बसायचे, आकडा पूर्ण करायचा हट्ट नाही.

पाच मिनिटे पाठीवर शांत पडा. बोलू नका. पडूनच रक्तदाब आणि नाडी मोजून लिहा. कफ न काढता उभे राहा आणि उठल्यापासून एक मिनिटाच्या आसपास पुन्हा मोजा, मग तीन मिनिटांनी पुन्हा. उभे असताना हात लोंबता ठेवला तर वरचा आकडा चुकीने जास्त येतो आणि पडझड लपते. हात छातीच्या उंचीवर कपाटावर टेकवा किंवा शेजारच्याने धरावा. बहुतेक घरी चूक होते ती इथेच.

वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर ती उभे राहिल्यावरची पडझड मानतात. आडवे असतानाच रक्तदाब खूप चढलेला असेल तर वरच्या आकड्यासाठी २० ऐवजी ३० धरतात. त्यानंतर नाडीकडे पाहा, खरा उलगडा तिथे होतो. समजा पडून १५०/८४ आणि नाडी ९२, तीन मिनिटांनी उभे १२२/७४ आणि नाडी ९५. रक्तदाब २८ ने पडला, नाडी जेमतेम ३ ने वाढली. शरीराला पडझड कळलीच नाही, हा मज्जातंतूंचा दोष. दुसऱ्या माणसाचा रक्तदाब २५ ने पडला पण नाडी ७८ वरून १०४ वर गेली, तर मज्जातंतू आपले काम करत आहेत. तिथे जुलाब, कमी पाणी, रक्तस्राव, लघवी वाढवणारी गोळी (‘लघवीची गोळी’) अशी कारणे शोधायची. हिशेब सोपा आहे: नाडीतली वाढ भागिले वरच्या आकड्यातली घट. उत्तर ०.५ पेक्षा कमी आले तर मज्जातंतूंवर संशय घ्यावा.

हा हिशेब काही जणांना लागू पडत नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर नाडीवरून निष्कर्ष काढू नका. केवळ तपासणीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, या गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे असते.

नाडी नुसतीच जास्त असेल तर मज्जातंतूंचे नाव घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ताप आणि दम्याची औषधे तपासून घ्यावीत. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असलेल्यांनी, विशेषतः शाकाहारी असतील तर, बी-१२ सुद्धा पाहावे. त्याच्या कमतरतेनेही मज्जातंतू झिजतात, आणि ती भरून काढता येते.

दवाखान्यात: ईसीजी मशीनवर श्वासाची चाचणी

उभे राहिल्यावरची पडझड हा उशिराचा टप्पा आहे. व्हेगसची सुरुवातीची झीज दिसते ती श्वासाच्या चाचणीत. एडिंबरोचे डेव्हिड युइंग आणि सहकाऱ्यांनी १९७०–८० च्या दशकांत ज्या पाच चाचण्यांचा संच रूढ केला, त्यातली ही सर्वांत सोपी. साध्या ईसीजी मशीनवर होते, फक्त डॉक्टरांना ती आवर्जून मागावी लागते, नेहमीच्या दहा सेकंदांच्या पट्टीत ती येत नाही.

रुग्णाला पाच मिनिटे शांत ठेवतात. मग पाच सेकंद खोल श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटाला सहा श्वास. कोणीतरी सेकंद मोठ्याने मोजावेत, स्वतः मोजताना लय चुकते. त्या पूर्ण मिनिटाची दुसऱ्या लीडची (ईसीजीच्या ठरावीक नोंदींपैकी एकीची) पट्टी काढायची. श्वास घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंद. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल तर १५०० ला दोन ठोक्यांतल्या मिलिमीटरने भागले की नाडी मिळते. सर्वांत जवळचे ठोके १७ मिलिमीटरवर म्हणजे ८८, सर्वांत लांबचे १९ वर म्हणजे ७९. फरक ९. प्रत्येक श्वासाचा असा फरक काढून सरासरी घेतात. १५ किंवा जास्त म्हणजे ठीक, ११ ते १४ सीमेवर, १० किंवा कमी म्हणजे बिघाड. वयाबरोबर हा फरक निसर्गतःच घटतो, म्हणून साठीपुढच्या माणसाला हेच कडक माप लावू नये.

संचात उभे राहिल्यावर पंधराव्या आणि तिसाव्या ठोक्याच्या आसपासचे अंतर पाहण्याची एक, आणि नळीत १५ सेकंद जोर लावून फुंकण्याची एक चाचणी आहे. फुंकण्याची चाचणी घरी करू नका. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील किंवा डोळ्यात रक्तस्राव झालेला असेल तर त्या जोराने पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो.

एक चाचणी बिघडली तर ‘शक्यता’, दोन बिघडल्या तर ‘नक्की’, आणि सोबत उभे राहिल्यावर रक्तदाब पडत असेल तर ‘तीव्र’, अशी पायरी धरतात. टाइप २ मध्ये मधुमेह कधी सुरू झाला हेच ठाऊक नसते, म्हणून निदान झाल्यापासूनच ही तपासणी करावी.

लघवीची बाटली: कोणती तपासणी मागायची

लॅबमध्ये ‘लघवी तपासा’ म्हटले की पट्टीवरची साधी तपासणी होते. ती पट्टी अल्ब्युमिन बरेच वाढल्यावरच रंग बदलते. ‘प्रथिने: नाहीत’ हा शेरा सुरुवातीच्या बिघाडात काहीच सांगत नाही. मागायची तपासणी आहे लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर, म्हणजे एसीआर. काही लॅब नुसते ‘मायक्रोअल्ब्युमिन’ करून देतात आणि फसगत तिथून सुरू होते. पाणी भरपूर प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ असते, त्यात अल्ब्युमिन लिटरला १५ मिलिग्रॅमच दिसेल आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणेल. पण त्याच लघवीत क्रिएटिनिन डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम असेल, तर १५ भागिले ३० गुणिले १००, म्हणजे एसीआर ५०. हा वाढलेला आहे. रिपोर्टवर दोन्ही आकडे असतील तर हे गणित तुम्ही स्वतः करू शकता.

३० पेक्षा कमी ठीक, ३० ते ३०० सुरुवातीचा बिघाड, ३०० च्या वर मोठी गळती. हे आकडे एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम असे आहेत. रिपोर्टवर ‘मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम’ लिहिले असले तरी आकडा तोच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या रिपोर्टवर मात्र मिलिमोलचे एकक असते, तिथे ३० च्या जागी ३ आणि ३०० च्या जागी ३० धरा. तिकडचा ‘१२’ हा आकडा इकडच्या नातेवाइकांनी पाहून ‘चांगला आहे’ म्हणणे चुकीचे ठरेल.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार बाटलीत घ्या आणि शक्य तितक्या लवकर लॅबला पोचवा. आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम, गडचढाई, ताप, लघवीची जळजळ, मासिक पाळी, किंवा साखर-रक्तदाब बेसुमार वाढलेले असतील, तर तपासणी पुढे ढकला. या सगळ्यांत अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. एका रिपोर्टवर निदान होत नाही: तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच ते खरे. याची दुसरी बाजू अशी की पहिला रिपोर्ट वाढलेला आला आणि दुसरा कधी केलाच नाही, असेही फार होते. दुसऱ्या नमुन्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

क्रिएटिनिन एकट्याने वाचू नका

क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. बारीक चणीच्या वयस्क बाईंचे १.२ आणि तरुण पुरुषाचे १.२ सारखे नाही. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ६५ वर्षांच्या स्त्रीला १.२ वर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, सुमारे ५० येतो, ३० वर्षांच्या पुरुषाला सुमारे ८३. आकडा एकच, पण बाईंच्या मूत्रपिंडाचा आजार तिसऱ्या टप्प्यात असू शकतो. लॅबने ईजीएफआर छापला नसेल तर वय आणि लिंग सांगून तो मागून घ्या. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर एसीआर कितीही असो, मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. दोन्ही तपासण्या वर्षातून किमान एकदा, आणि काही बिघडलेले असेल तर डॉक्टर सांगतील तशा दोन ते चार वेळा.

मधुमेहाव्यतिरिक्त दुसरे कारण शोधायला लावणाऱ्या काही खुणा आहेत: लघवीत रक्तपेशी, काही आठवड्यांत झपाट्याने वाढलेली गळती, वेगाने उतरणारा ईजीएफआर, अंगावर एकदम आलेली सूज. अशा वेळी थेट मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जावे. एसीआर ३०० च्या वर टिकून असेल किंवा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तरीही.

औषधांचा मार्ग

डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात लघवीतून अल्ब्युमिन जाणारे टाइप २ चे १६० रुग्ण होते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम सगळे एकाच वेळी कसून सांभाळलेल्या गटात, सुमारे आठ वर्षांनी, मूत्रपिंडाचा आजार वाढण्याचा आणि स्वायत्त (आपोआप चालणाऱ्या) मज्जातंतूंचा बिघाड वाढण्याचा धोका प्रत्येकी साठ टक्क्यांच्या आसपास कमी होता. निष्कर्ष २००३ मध्ये आले. पायांच्या मज्जातंतूंना असा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. नुसती साखर उतरवून हे साधत नाही.

एसीआर वाढलेला आणि रक्तदाबही असेल तर पहिली गोळी सहसा टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल यांपैकी एक, सोसेल तितक्या पूर्ण मात्रेपर्यंत. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ हे दोन प्रकार एकत्र नाहीत. सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर ते अपेक्षित आहे: गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण. घाबरून गोळी बंद करणाऱ्यांचे नुकसान होते. त्याहून जास्त वाढले किंवा पोटॅशियम चढले तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, दिवसाला १० मिलिग्रॅम. ही साखर लघवीवाटे सोडते आणि गाळणीत रक्त आणणारी वाहिनी पुन्हा आवळून दाब उतरवते. डापाग्लिफ्लोझिनची भारतातली पेटंट २०२० आणि २०२३ मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्याने आता जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, तेव्हा ‘महाग आहे’ म्हणून टाळलेली असेल तर पुन्हा विचारा. जननेंद्रियाला खाज, बुरशी हा नेहमीचा त्रास, म्हणून रोज पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवावी. जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास आणि शस्त्रक्रियेआधीचे तीन-चार दिवस ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता वाढू शकते. आषाढी एकादशी, नवरात्र किंवा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या: काय थांबवायचे, कधी सुरू करायचे. मेटफॉर्मिनची मात्रा ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर निम्मी करतात, ३० च्या खाली बंद.

एक इशारा कमी लोकांना माहीत असतो. वर्षानुवर्षे चढलेली साखर इन्शुलिनने तीन महिन्यांत एकदम उतरवली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) दोन-तीन अंकांपेक्षा जास्त घसरला, तर मज्जातंतूंना नवीन इजा होऊन जळजळ आणि चक्कर सुरू होऊ शकते. साखर टप्प्याटप्प्याने उतरवणे बरे.

उभे राहिल्यावर रक्तदाब पडत असेल तर

आधी औषधांची पिशवी उलटी करा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, पायांच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठी प्राझोसिन, लघवीच्या गोळ्या: ही नेहमीची कारणे. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असल्याने ती एकत्र कोणी पाहिलेलीच नसतात.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५–२० सेंटिमीटर उचला. जास्त उशा घेऊन तो परिणाम साधत नाही, कारण फक्त मान वाकते. उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसा, पोटऱ्या दहा-वीस वेळा आवळा, मग उभे राहा. रात्री पुरुषांनीही लघवी बसून करावी. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर आणि भरपेट भात-पोळीच्या जेवणानंतर रक्तदाब जास्त पडतो, तेव्हा जेवण थोडे थोडे विभागून घ्या.

या त्रासावर ‘मीठ वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन जात असेल तर तो स्वतःहून पाळू नका. अशा माणसाचा रक्तदाब पडून जास्त आणि उभे राहून कमी असतो, त्यामुळे रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची आणि मीठ किती, हे आडवे-उभे दोन्ही आकडे पाहूनच ठरवायचे. म्हणून घरच्या नोंदी घेऊन जा.

जेवण, वेदनाशामके, व्यायाम

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, सुकट-बोंबील सगळे धरायचे. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना किंवा ईजीएफआर कमी असताना ते विचारल्याशिवाय नको. प्रथिने वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम. बहुतेक शाकाहारी घरांत ती आधीच तेवढीच असतात, त्यामुळे डाळ तोडायची गरज नाही. जिमची प्रोटीन पावडर मात्र बंद.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सोडा. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि यातली एक अशा तिघी एकत्र आल्या आणि त्यात जुलाब लागले, तर दोन-चार दिवसांत मूत्रपिंड बसू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

व्यायामात घड्याळावरची ‘टार्गेट’ नाडी पाळू नका, कारण तुमची नाडी मेहनतीबरोबर नीट वाढतच नाही. चालताना वाक्य बोलता येईल इतपतच वेग ठेवा, भर उन्हात नको, आणि नवीन जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या.

न दुखणारा झटका आणि भूल

हृदयाचे मज्जातंतू झिजले की छातीतली कळ मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. जिना चढताना नव्याने लागणारी धाप, थंडगार घाम, मळमळ, अचानक गळून जाणे, कारण नसताना उसळलेली साखर: यातले काहीही झाले तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन थांबू नका. आधी ग्लुकोमीटरने साखर पडलेली नाही ना ते पाहा, आणि १०८ ला फोन करा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिन (हृदयाला झालेली इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि काही वेळाने दुसरा ईसीजी मागा. साखर ७० च्या खाली गेल्याची धडधड आणि थरथरही या लोकांना उशिरा जाणवते, म्हणून इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी ‘बरं वाटतंय’ यावर न जाता मोजून पाहावे.

मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया असो, भूलतज्ज्ञांना आडवे-उभे रक्तदाबाचे आकडे, श्वासाच्या चाचणीचा फरक, एसीआर आणि ईजीएफआर एका कागदावर लिहून द्या. भुलेखाली अशा रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळतो, आणि कॉन्ट्रास्टचे (स्कॅन किंवा अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते) इंजेक्शन द्यायचे असेल तर मूत्रपिंडाची तयारीही आधी करावी लागते. तोच कागद घरी औषधांच्या डब्यावर चिकटवा, म्हणजे रात्री-अपरात्री रुग्णालयात नेताना शेजाऱ्याच्याही हाताला लागेल.